समीकरण कानांनी वाचताना

एक छेद अ अधिक ब. एवढं ऐकून ब छेदात आहे की बाहेर, हे सांगता येईल? कागदावर आडवी रेघ कुठपर्यंत ओढली आहे, हे डोळा क्षणात टिपतो. आवाजाला अशी रेघ नसते.

टी. व्ही. रामन यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुण्यात गणिताची पदवी, मग मुंबईची आयआयटी आणि तिथून अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. तिथे १९९४मध्ये पीएचडीसाठी त्यांनी ‘ॲस्टर’ ही प्रणाली सादर केली (नाव त्यांच्या मार्गदर्शक श्वानाचं!). संगणकावर टंकलेल्या सूत्राची रचना ती आधी समजून घेई आणि मगच बोले. घातांक वरच्या पट्टीत, पायथ्याची चिन्हं खालच्या पट्टीत. बोलण्याचे नियम सूत्रापासून वेगळे ठेवलेले असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते आपल्या सोयीने बदलता येत. मला यातली खरी हुशारी हीच वाटते.

पुढे १९९८मध्ये वेबवरच्या गणितासाठी ‘मॅथएमएल’ हे मार्कअप, म्हणजे सूत्राची रचना नोंदवणाऱ्या खुणांची भाषा आली, तर १९९९मध्ये ‘एक्सएसएलटी’ ही स्टाइलशीटची, म्हणजे अशा खुणांचं रूपांतर करणाऱ्या नियमांची भाषा. मॅथएमएलमध्ये अपूर्णांक हा एक डबा. आत दोन डबे, अंश आणि छेद. स्टाइलशीटमधला नियम सांगतो: अपूर्णांक भेटला, तर ‘अपूर्णांक सुरू’ म्हण, अंश वाच, ‘छेद’ म्हण, खालचा भाग वाच, ‘अपूर्णांक पूर्ण’ म्हण. अंशात वर्गमूळ निघालं, तर त्याचा नियम मधेच कामाला लागतो. कितीही खोल जा, नियम तेवढेच.

मराठीसाठी मात्र वेगळी स्टाइलशीट हवी. ‘नऊचं वर्गमूळ’ म्हणताना आपण आधी नऊ वाचतो, मग वर्गमूळ. छोट्या सूत्राला हे शोभतं. लांबलचक पदावलीत मात्र आपण मुळाच्या आत होतो, हे ऐकणाऱ्याला शेवटी कळणार! तिथे ‘वर्गमूळ सुरू’ असं कृत्रिम बोललेलंच बरं.

अडचण उरते ती अर्थाची. साइनच्या डोक्यावर उणे एक दिसला, की नियम बिनदिक्कत ‘उणे एकवा घात’ म्हणणार; लेखकाला अभिप्रेत असतं व्यस्त फल. मॅथएमएलमध्ये अर्थ नोंदवण्याचीही सोय आहे, पण ती वापरायची तर लेखकाला दिसण्यापलीकडचं काम करावं लागतं, आणि तेवढा उत्साह फार थोड्यांना असतो. म्हणून नियम लिहिणारा ‘साइन, कोसाइन, टॅन असेल तर...’ असे अपवाद जोडत बसतो.