सुप्याचा वारा आणि सातवीचा वर्ग

सकाळी ६:३०

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून श्रावणातला शनिवार माझा असतो. एकदा तुळशीचं लग्न लागलं की शूटिंगवाल्याला कुठला शनिवार आणि कुठला रविवार? बॅगेत दोन जुने मोबाईल, ट्रायपॉड, कॉलर माईक, हेडफोन आणि स्पंजचे तुकडे टाकतो. मोठा कॅमेरा मुद्दाम घरी ठेवतो. तो दिसला की सगळी पोरं त्याच्यापुढे उभी राहतात, मागे यायला कुणी तयार नसतं.

७:३०

शनिवारची शाळा सकाळची. नवं शैक्षणिक धोरण (2020) सांगतं की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडे शिकावं. त्यात 2024 पासून ‘आनंददायी शनिवार’ आला. कारागिरांच्या यादीत शूटिंगवाला नाही, पण हेडमास्तरांनी मला बसवून घेतलं.

परिपाठ संपला की आधी खिडकीतली कुंडी. तिच्यात वाटाणा लावलाय. पारनेर तालुक्यात वाटाण्याचं बी मागायला लांब जावं लागत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर खडूच्या खुणा केल्यात, त्यांवर मोबाईल ठेवून रोज एकच फोटो काढायचा. दादासाहेब फाळक्यांनी हेच केलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा, पण त्याच्या आधी पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ दाखवली. आमचा वाटाणा रविवारी उडी मारतो, कारण त्या दिवशी शाळेला कुलूप.

“सर, महिनाभर फोटो काढून किती मिनिटांचं होईल?”

सेकंदाला दहा फोटो धरले तर तीन सेकंदसुद्धा नाही. हिशेब पोरांनीच फळ्यावर मांडला आणि वर्गाचा चेहरा पडला. मला हा तास फार आवडतो. ह्या धंद्यात काय महाग असतं, ते भागाकारातून कळतं.

८:३०

आजचं काम आवाजाचं. खिचडी करणाऱ्या मावशींची मुलाखत घ्यायची. सुप्याच्या पठारावर पावसाळ्यातला वारा म्हणजे काय, ते कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांना विचारा. पहिला गट मैदानात मुलाखत घेऊन आला. ऐकलं तर नुसती फडफड.

“मावशी बोलतच नाहीत सर, वाराच बोलतोय.”

मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि ऐकू येईल ते वहीत लिहिलं. हायवेवरच्या ट्रेलरचा हॉर्न, विहिरीवरची मोटार, शेजारच्या वर्गातले पाढे, कुकर. हे सगळं रोज कानावर पडतं, पण कान ते गाळून टाकतो. माईकला गाळता येत नाही. उपाय साधे आहेत: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, अंगाचा आडोसा द्यायचा, माईक तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि त्यावर स्पंज चढवायचा. तरीही सुप्याचा वारा आत घुसतो.

तेव्हा खोली शोधायची. शोधायची रीत म्हणजे टाळी. वर्गात वाजवली तर फरशीवरून, भिंतीवरून घुमून परत येते. व्हरांड्यात तर दोनदा. पोरं टाळ्या वाजवत शाळाभर फिरली, दोन शिक्षक वैतागून बाहेर आले. शेवटी पोषण आहाराच्या धान्याच्या खोलीत टाळी वाजली आणि जागच्या जागी मेली. तांदळाची पोती आवाज पिऊन टाकतात. शाळेतला सगळ्यात चांगला स्टुडिओ तोच. मावशी पोत्यावर बसल्या, सातवीतल्या एका मुलीनं हेडफोन लावून हात वर केला, आणि बाकीच्यांनी श्वाससुद्धा जपून घेतले. मावशी म्हणाल्या, “आवं, मला वाटलं माझा फोटू काढताय.”

मग मी ‘ख्वाडा’चं सांगितलं. धनगराच्या कुटुंबाची गोष्ट, उघड्या रानातली. त्या सिनेमातल्या जागेवरच्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. रानात आवाज धरणं काय असतं, ते आता ह्या पोरांना सांगायची गरज नव्हती.

१०:१५

ट्यूबखाली शूट केलं की चित्रात पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. शटर 1/50 वर ठेवलं की पट्टे जातात. एवढं सांगून पुढे गेलो, कारण भूक लागली होती.

११:३०

शाळा सुटली. मोबाईलमधलं लॅपटॉपवर घेतलं. मिनिटाला शंभरेक एमबी धरायचे. ह्यातलं काहीही कुठे टाकायचं नाही, ही अट आहे. मुलांचे चेहरे आहेत, पालकांच्या सह्या आहेत.

फाटकाशी एक वडील थांबले होते. “सर, ह्याच्यात पोटापाण्याचं काय?” नागराज मंजुळ्यांचं नाव ते स्वतःच घेऊन मोकळे झाले. मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकले, ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तिथला, त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे खरंच. पण मी त्यांना मंजुळे दाखवत नाही. नगरात मिक्सिंगवर घर चालवणारी माणसं आहेत. बैलगाडा शर्यतीवर ड्रोन उडवणारे आहेत, कीर्तन लाइव्ह करणारे आहेत, कंपन्यांचे व्हिडिओ करणारे आहेत. तेही खरं सांगून टाकलं की कॅमेऱ्याचा हप्ता श्रावणातही भरावा लागतो.

दुपारी २:००

एमआयडीसी. नव्या कामगारांना दाखवायचा सेफ्टीचा व्हिडिओ. कामगार बिहार-यूपीकडचेही, म्हणून हिंदी आणि मराठी असे दोन आवाज. प्रेसच्या धडधडीत कुणाचंच बोलणं टिपता येत नाही. चित्र इथलं घ्यायचं, आवाज नंतर बंद खोलीत. अशा एका सहा मिनिटांच्या कामामागे लिहिणारा, कॅमेरावाला, आवाज देणारा, मिक्सिंगवाला असतो. ह्यातला एकही जण पडद्यावर दिसत नाही आणि सगळ्यांना पैसे मिळतात. पोरांना एकदा इथे आणायचंय, परवानगीचं पत्र दिलंय.

५:०० ते ७:००

मिक्सिंग. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, मान दुखते.

रात्री ८:३०

शेजारच्या गावात सप्ताह. दोन कॅमेरे, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर माझ्याकडे. नेटवर्क जातं-येतं, म्हणून सोबत कार्डावरही रेकॉर्डिंग चालू. सकाळची सातवीतली मुलगी आजोबांबरोबर कीर्तनाला आली होती. माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि हेडफोन मागितला.

थोडं ऐकून म्हणाली, “सर, मृदंग लई पुढं आलाय. महाराजांचा शब्द कळत नाही.”

मंडपात सगळं नीट ऐकू येत होतं, लाइव्हमध्ये नव्हतं. तिचं बरोबर होतं. साउंडवाल्याला खूण केली. त्यानं कुरकुरत आमच्याकडे येणाऱ्या लाइनीतला मृदंग खाली घेतला आणि विचारलं, “हे कोण सांगतंय?” मी मागे बोट दाखवलं. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग हार्मोनियमचं बटन दाखवून म्हणाला, “अन् ही पेटी? ही ठीक हाय का?”