मदरबोर्ड, उच्च कार्यक्षमतेचा

संगणकातील प्रोसेसर, स्मृती, साठवण-साधने व ग्राफिक्स कार्ड यांना एकत्र जोडणारा, त्यांना योग्य दाबाची वीज पुरविणारा आणि त्यांच्यातील संदेशांची ने-आण करणारा मुख्य मुद्रित मंडल फलक. काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांच्या विद्युत् रोधक थरांमध्ये तांब्याच्या पातळ रेषांचे थर दाबून तो तयार करतात. साध्या फलकात तांब्याचे चार थर असतात. उच्च कार्यक्षमतेच्या फलकात सहा, आठ किंवा त्याहून अधिक. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकातील प्रोसेसरची कंप्रता ४·७७ मेगॅहर्ट्‌झ होती. हौशी वापरासाठीच्या सध्याच्या संगणकात ती ५,००० मेगॅहर्ट्‌झच्या पुढे जाते. एवढ्या वेगाला तांब्याची रेषा ही केवळ तार राहत नाही. तिची लांबी, रुंदी व वळणे यांनाही महत्त्व येते.

याचे उदाहरण स्मृतीच्या जोडणीत दिसते. आधुनिक स्मृतीच्या एकेका रेषेवरून सेकंदाला सु. ६०० कोटी बिटे जाऊ शकतात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला एक षष्ठांश नॅनोसेकंद येतो. फलकातून विद्युत् संदेश प्रकाशाच्या जवळजवळ निम्म्या वेगाने, नॅनोसेकंदाला सु. १५ सेंमी. जातो. एका बिटाच्या अवधीत तो जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. त्यामुळे एकत्र पोहोचावयाच्या संदेशांच्या रेषा जवळजवळ समान लांबीच्या ठेवाव्या लागतात, आणि जवळच्या टोकाची रेषा मुद्दाम नागमोडी काढतात. फलकावरील ही वेलबुट्टी शोभेची नसते. रिकाम्या खाचेवरून संदेश परावर्तित होत असल्याने विक्रमी वेगासाठी काढलेल्या काही फलकांवर स्मृतीच्या चारऐवजी दोनच खाचा ठेवतात. महागड्या वस्तूत खाचा कमी का, असा ग्राहकाला पडणारा प्रश्न या कारणाने सुटतो.

दुसरा व अधिक अवघड प्रश्न विजेचा आहे. प्रोसेसरला साधारण १·२५ व्होल्ट दाब लागतो. परंतु पूर्ण भाराखाली तो २५० वॉट शक्ती घेत असेल, तर प्रवाह २०० अँपिअर होतो. २,००० वॉटचा घरगुती गीझर सु. ९ अँपिअर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवाहाची कल्पना येईल. फलकाला मिळणाऱ्या १२ व्होल्ट दाबाचे या अल्प दाबात रूपांतर करणारे मंडल प्रोसेसरच्या शेजारीच असते. त्यातील ट्रँझिस्टर सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करतात. वेटोळी व धारित्रे तो तुटक प्रवाह सलग करतात. भार वाटून घेण्यासाठी अशी अनेक मंडले समांतर चालवितात व प्रत्येकास ‘टप्पा’ म्हणतात. जाहिरातीतील टप्प्यांची संख्या मात्र फसवी असते. प्रत्येक टप्पा किती प्रवाह न तापता वाहतो, हे अधिक महत्त्वाचे. रंगीत दिव्यांच्या रोषणाईने तर कार्यक्षमतेत काहीच भर पडत नाही.

प्रोसेसर त्याच्या नेमून दिलेल्या कंप्रतेपेक्षा अधिक वेगाने चालविण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. शक्तिव्यय कंप्रतेच्या व दाबाच्या वर्गाच्या गुणाकाराशी सम प्रमाणात असतो. कंप्रता व दाब प्रत्येकी दहा टक्क्यांनी वाढविल्यास काम फार तर दहा टक्के वाढते, पण उष्णता सु. तेहेतीस टक्क्यांनी वाढते.

या हिशेबाला वऱ्हाडात विशेष अर्थ आहे. शीतक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोहोंतील तफावत मर्यादित ठेवतो. ही तफावत ६०° से. असेल, तर २२° से. तापमानाच्या प्रयोगशाळेत प्रोसेसर ८२° से.वर राहील. संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या वरूड येथे मे महिन्यात बाहेर पारा ४५° से.च्या आसपास जातो, ४०° से.च्या खोलीत तोच प्रोसेसर १००° से.ला पोहोचेल. बहुतेक प्रोसेसर ९५° ते १००° से.ला स्वतःचा वेग आपोआप उतरवितात. म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेला वेग नेमका उन्हाळ्यात हातचा जातो. लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करणाऱ्या व्यावसायिकाच्या कामाची घाई व उन्हाची तीव्रता ही दोन्ही एप्रिल-मेमध्येच येतात. त्याने विक्रमी कंप्रतेपेक्षा रुंद उष्णतावाहक पत्रे, मोठे पंखे व दीर्घायुषी घन धारित्रे असलेला फलक निवडून प्रोसेसर नेमून दिलेल्या मर्यादेतच चालविणे हिताचे. द्रव विद्युत् विच्छेद्य असलेल्या जुन्या पद्धतीच्या धारित्रांचे आयुष्य तापमानाच्या दर १०° से. वाढीला सु. निम्मे होते. वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरमुळे कोरड्या हवेत खोली चांगली थंड होते. मात्र त्याचा ओलसर झोत थेट संगणकावर घेऊ नये. पंख्यांवर व शीतकाच्या पात्यांमध्ये साचलेली धूळ पावसाळ्यापूर्वी काढणे आवश्यक असते, कारण दमट धूळ वीज वाहू लागते.

हौशी ग्राहकांसाठीचे फलक मुख्यतः तैवानमधील एसूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक या कंपन्या तयार करवितात. उच्च कार्यक्षमतेच्या फलकाचा भारतीय अभिकल्प मात्र वेगळ्या गरजेतून आला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे. ‘परम ८०००’ मध्ये ब्रिटिश बनावटीचे ट्रान्सप्यूटर वापरले होते. त्यानंतरच्या काळात याच केंद्राने इंटेलचे दोन प्रोसेसर बसविता येणारा ‘रुद्र’ हा सर्व्हर अभिकल्पित केला. प्रोसेसर परदेशी असला, तरी फलकाची आखणी देशी आहे. या सर्व्हरवर आधारलेले तीन ‘परम रुद्र’ महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील संशोधन संस्थांसाठी कार्यान्वित झाले. पुण्याच्या यंत्राचा उपयोग विशाल मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने टिपलेल्या, क्षणभरच टिकणाऱ्या रेडिओ-स्फोटांच्या अभ्यासासाठी होतो.