दोन पाण्यांमधले तारकर्ली



मालवणच्या स्टँडवर देवबागची एस.टी. धरा. अर्ध्या तासाच्या आत तारकर्ली लागते. उजव्या हाताला माडांच्या आडून समुद्राची गाज ऐकू येते, डाव्या हाताला कर्ली नदी. पुढे जावे तशी मधली जमीन अरुंद होत जाते आणि देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर दिसते ते वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे. एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भरतीने खारावणारी नदी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माड, घरे आणि विहिरी. असे हे गाव आहे.

गावाचा जुना संसार माड, पावसाळी भात आणि मासळी यांवर चालला. या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून मोठे जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि दोन्ही टोके माणसांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायची. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे.

आता काळ बदलला आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आले, पाणबुडीचे शिक्षण देणारे केंद्र आले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके याच किनाऱ्यावर झाली आणि गावाचे नाव देशभर गेले. अनेक घरांनी पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या बांधल्या. पैसा गावात आला, मुलांना घराशी काम मिळाले. हे चांगलेच झाले.

पण मी पेशाने शेतीखात्याचा माणूस. गावात शिरलो, की आधी माडाच्या शेंड्याकडे बघतो आणि मग विहिरीत डोकावतो. एका एप्रिलात असाच डोकावत असताना घरच्या आजी म्हणाल्या, "बावडेचा पाणी मचूळ लागता. डाळ शिजना नाय." मी वर पाहिले, तर माड हिरवेगार. परसातल्या मिरचीची पाने मात्र कडेने करपलेली.

गोडे पाणी येते कुठून?

या वाळूतले गोडे पाणी म्हणजे आपल्याच पावसाचे मुरलेले पाणी. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाळूत तो झटकन मुरतो. गोडे पाणी हलके आणि खारे जड. म्हणून आमटीवर तेलाचा तवंग असावा, तसे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. पळी अलगद फिरवली तर तवंग येतो. खोल बुडवली, की आमटीच येते.

शास्त्राचा ढोबळ हिशेब असा: समुद्राच्या पातळीपेक्षा गोडे पाणी १ फूट वर उभे असेल, तर त्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. उपसा वाढून वरची पातळी १ फूट उतरली आणि तशीच राहिली, तर कालांतराने खालचे खारे पाणी ४० फूट वर सरकू शकते. म्हणजे वर दिसते एक फुटाची घट आणि खाली होते चाळीस फुटांचे नुकसान.

पूर्वी रहाटाने कळशी-कळशी पाणी निघे. आता बटण दाबले, की टाकी भरते. पाहुण्यांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमका तेव्हाच हा तवंग सर्वांत पातळ झालेला असतो.

माडावर विसंबू नका

माड खारेपणा बराच सोसतो. त्यामुळे तो हिरवा आहे म्हणून बिनघोर राहू नका. मिरची, चवळी, घेवडा ही पिके आधी सांगतात. पाने कडेने करपू लागली, की पाण्याची तपासणी करून घ्या. पाण्याची विद्युतवाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर चिंता नाही. ३ च्या वर गेली, की भाजीपाल्याची आशा सोडावी लागते. पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा असे दोन आकडे दरवर्षी वहीत लिहून ठेवा.

काय करावे?

बोअर मारू नका. उथळ विहीरच बरी. पंप लहान ठेवा, फुटबॉल पाण्याच्या वरच्या थरात ठेवा आणि एका दमात टाकी न भरता थांबून थांबून उपसा.

अंगण सिमेंटने लिंपू नका. वाळूत मुरणारा थेंब हीच आपली शिल्लक. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून पुढचे गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात घाला.

संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर हवा. वाळूतून घाण पाणीही तितक्याच वेगाने झिरपते.

माडाच्या आळ्यात सोडणे पुरा आणि वरून झावळ्यांचे आच्छादन करा. ओल टिकते आणि पाणी कमी लागते. ठिबक असेल तर उत्तमच.

किनाऱ्यावरची वाळूची टेकाडे, त्यांवरची मर्यादवेल, केवडा आणि नदीकाठचे कांदळवन यांना हात लावू नका. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने या किनाऱ्याला झोडपले. समुद्र आत शिरू लागला, की पहिला मार ही टेकाडेच झेलतात.

किल्ल्यातली शिकवण

मालवणसमोर १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला त्यात राखणही दिसते. वेढ्यातल्या किल्ल्यात पाणी जपून वापरावेच लागते, आणि तारकर्लीला तर बारा महिने खाऱ्या पाण्याचा वेढा आहे.

एकट्याने पंप बंद ठेवून भागणार नाही, कारण वाळूखालचे पाणी साऱ्या गावाचे एकच आहे. शेजाऱ्याने ओढले, की आपली विहीर मचूळ होते. रापणीला जसे सारे मिळून हात लावतात, तसे ग्रामसभेत बसून उपशाचे ठरवायला हवे. घाटावरच्या बंधूंनो, तुम्ही सुट्टीत मुलाबाळांना घेऊन इथे जरूर या. फक्त आंघोळीला बसाल तेव्हा एक बादली कमी घ्या. ती त्या आजींच्या विहिरीतली असेल.