मतदान वाढवायला गुडघे लागत नाहीत

मागच्या व्याख्यानात आपण 'कर्तव्य' या कल्पनेविषयी बोललो. त्यानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला. शरीर साथ देत नाही, जिना उतरवत नाही, अशा माणसाचं नागरिक म्हणून काय कर्तव्य उरतं? स्वतःचं मत दिलं की संपलं का? आज याचं उत्तर आपल्या कर्जत-खालापूरमध्येच शोधू.

आधी हे बघू, की माणसं मत द्यायला जात का नाहीत? अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली असं मांडलं, की मत देण्यालाही किंमत पडते. वेळ जातो, भाडं जातं, माहिती काढावी लागते. उलट, एका मताने निकाल फिरण्याची शक्यता अगदी नगण्य. म्हणून एवढीशी अडचणही माणसाला घरी बसवते. डाउन्सवर पुष्कळ वाद झाले, ते बाजूला ठेवू. आम्हाला त्यातून उलटा अर्थ दिसतो. छोट्या अडचणीने माणूस थांबत असेल, तर छोट्या मदतीने तो निघूही शकतो. आणि ही मदत बरीचशी खुर्चीत बसून करता येते.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. आपला जिल्हा रायगड, पण लोकसभेला आपण मावळमध्ये. २०२४ मध्ये रायगड मतदारसंघाचं मतदान ७ मे रोजी झालं, आपलं १३ मे रोजी. म्हणजे बहीण पेणला आणि भाऊ खोपोलीला असेल, तर एकाच जिल्ह्यात दोघांच्या तारखा सहा दिवसांनी वेगळ्या. त्या वेळी मावळात सुमारे ५५ टक्के मतदान झालं. उरलेल्या ४५ जणांना सरसकट आळशी म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. कुणाचं नाव यादीत नसतं, कुणी कामावर अडकतो, कुणाला केंद्र बदलल्याचं कळलेलंच नसतं.

मग घरून काय करायचं? पहिलं काम यादीचं. ओळखपत्र हातात असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अजून कित्येकांना ठाऊक नसतं. यादीत नाव नसेल तर ओळखपत्र असूनही मत देता येत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा १९५० या क्रमांकावर हे तपासता येतं. नवं नाव घालायला नमुना ६, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला नमुना ८. पण हे निवडणूक तोंडावर आल्यावर नाही हं! उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव येत नाही. म्हणून हे काम शांततेच्या काळातलं. रोज दोन फोन, बस्स. महिन्याला साठ होतात.

दुसरं काम म्हाताऱ्यांचं, म्हणजे आपल्याच वयाच्या पुढच्यांचं. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. पाच दिवस म्हणजे काय? नातू सुट्टीला येईपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून अशा आजी-आजोबांची नावं वहीत आधीच लिहून ठेवायची आणि त्या पाच दिवसांत घरच्यांना आठवण करायची.

तिसरं काम थोडं नाजूक. आपल्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. २०२४ चं लोकसभेचं मतदान मे महिन्यात, भट्टीच्या हंगामात. विधानसभेचं २० नोव्हेंबरला, दिवाळी उरकून बाहेर पडायच्या वेळी. 'इथे राहत नाहीत' म्हणून कुणी त्यांचं नाव काढायला निघालं, तर लक्षात ठेवा, १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही. वाडीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीशी फोनवर संपर्क ठेवला, तर नाव आहे का, तारीख कोणती, रोजगार हमीचं जॉबकार्ड ओळखीसाठी चालतं, हे सगळं भट्टीपर्यंत पोचतं. कारखान्यातल्या कामगारांना सांगायचं, की मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

यादीतल्या नावाला इतकं महत्त्व का, ते इतिहास सांगतो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद होती. कायद्याने मत दिलं, पण नाव नसल्यामुळे ते हातात आलं नाही. आजही सासर-माहेरच्या नावांचा घोळ होतोच. फोनवर 'ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं' असं विचारणं ही त्या अर्थाने मोठी गोष्ट आहे.

काही पथ्यंही पाळायची. मत कुणाला, हे विचारायचं नाही, सुचवायचंही नाही. आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे नाहीत. अर्जांचे गठ्ठे गोळा करायचे नाहीत. ज्याचा अर्ज त्याने द्यावा, आपण फक्त समजावून सांगावं. आणि कुणा उमेदवाराने मतदारांना न्यायला गाडी देऊ केली, तर ती घ्यायची नाही. कायद्यात तो भ्रष्ट आचार ठरतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कांटने कर्तव्याचे दोन प्रकार केले. खोटं वचन देऊ नये, हे पूर्ण कर्तव्य. त्याला सवलत नाही. दुसऱ्याला मदत करावी, हे अपूर्ण कर्तव्य. अपूर्ण म्हणजे कमी प्रतीचं नव्हे. ते किती आणि कसं करायचं, हे आपल्या शक्तीनुसार ठरवायची मोकळीक त्यात आहे. मोकळीक प्रमाणाची आहे, कर्तव्य टाळण्याची नाही. ज्याला सभेला जाता येत नाही, त्याला दोन फोन करता येतात. ज्याला बोलतानाही धाप लागते, त्याला वहीत नावं लिहिता येतात. आणि निवृत्त माणसाकडे एक गोष्ट असते, जी धावपळीच्या कार्यकर्त्याकडे नसते: समोरच्याचं ऐकून घ्यायला वेळ.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक वही काढा. पहिलं नाव आपलं लिहा आणि ते यादीत आहे का, तेही तपासा. दुसरं शेजाऱ्याचं. पुढच्या वेळी विचारू, वहीत किती नावं झाली ते.