मेंटेनन्समधली गाठ : तपासल्याशिवाय निष्कर्ष नको

मुलांच्या ‘ए.एल.एल.’ या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. त्यातला मोठा काळ मेंटेनन्सचा : रोज मर्कॅप्टोप्युरीन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. या काळात मानेत गाठ आली की आजार उलटला, असेच घरच्यांना वाटते. बहुधा गाठ साध्या संसर्गाची असते. मात्र क्वचित ती दुसऱ्याच कर्करोगाची, लिम्फोमाची निघते. औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की पेशींत सुप्त असलेला एपस्टीन-बार विषाणू बी-पेशींना बेसुमार वाढवू शकतो. उलटलेला ल्युकेमिया आणि हा लिम्फोमा यांचे उपचार वेगळे. म्हणून न बसणाऱ्या गाठीचा तुकडा काढून तपासणे अटळ ठरते.

मग गोळ्याच बंद का करू नयेत? कारण मेंटेनन्स अर्धवट सोडल्यास मूळ आजार उलटण्याचा धोका या दुर्मीळ गाठीपेक्षा कितीतरी मोठा आहे. लिम्फोमा ठरल्यास औषधे थांबवायची की बदलायची, हे डॉक्टरच ठरवतील. बायोप्सीने कर्करोग पसरतो, ही भीतीही निराधार आहे. तेव्हा गाठ दिसताच मुलाच्या उपचार-पथकाला कळवावे, घरगुती लेपात आठवडे घालवू नयेत.