‘सूक’ मोठे झाले ते कशामुळे? ऑनलाइन दुकान टाकणाऱ्यांनी समजून घ्यावी अशी गोष्ट

आपल्याकडे आता जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात कुणी ना कुणी मोबाईलवरून काहीतरी विकत असते. कुणी अबाया आणि स्कार्फ, कुणी अत्तर, तर कुणी घरी कुटलेला मसाला. स्टेटसला फोटो टाकला, दोन-चार ऑर्डरी आल्या, की पुढचा प्रश्न ठरलेला : हे मोठे कसे करायचे?

या प्रश्नासाठी लोक अमेरिकेतल्या कंपन्यांची उदाहरणे देतात. आम्हाला मात्र दुबई जवळची वाटते. रत्नागिरी-रायगडमधली कितीतरी घरे आखातातल्या पगारावर उभी राहिली आहेत. तिथले बाजार आपण पाहिलेले नसले, तरी चाचा-मामांच्या तोंडून ऐकलेले आहेत. म्हणून आज ‘सूक डॉट कॉम’ची गोष्ट समजून घेऊ. अरबीत सूक म्हणजे बाजार.

मक्तूबच्या घरात जन्म

अरबीत पहिली ई-मेल सेवा देणारी ‘मक्तूब’ ही कंपनी जॉर्डनच्या अम्मान शहरात समीह तूकान आणि हुसाम खौरी यांनी काढली होती. मक्तूब म्हणजे पत्र. उर्दू जाणणाऱ्यांना शब्द ओळखीचाच. याच कंपनीच्या छत्राखाली 2005 साली सूक सुरू झाले. ते उभे करणारे रोनाल्डो मुशव्वर हे मूळचे सीरियातल्या हलब म्हणजे अलेप्पोचे, आणि बोस्टनमध्ये शिकलेले इंजिनिअर.

सुरुवातीला सूक हे दुकान नव्हतेच. तिथे लिलाव चालायचा. तुम्ही वस्तू मांडायची, लोकांनी बोली लावायची. 2009 मध्ये याहूने मक्तूब विकत घेतले, पण सूक त्या सौद्यात गेले नाही. ते जुन्या मालकांच्या नव्या ‘जब्बार’ समूहात राहिले. पुढे लिलाव मागे पडला आणि ठरलेल्या किमतीला नवा माल विकणारा बाजार उभा राहिला. गिऱ्हाइकाला बोली लावून वाट बघायची नव्हती. किंमत किती आणि माल कधी मिळणार, एवढेच त्याला हवे होते. मालकांनी आपली पहिली कल्पना धरून ठेवली नाही, हे इथे लक्षात घ्या.

अडचण वेबसाइटची नव्हतीच

वेबसाइट बनवणे हे त्यातले सोपे काम होते. खरी अडचण पुढे होती. कार्डाचा नंबर इंटरनेटवर द्यायला बहुतेक लोक तयार नव्हते. अनेक कामगारांकडे तर कार्डच नव्हते. दुसरी अडचण पत्त्याची. दुबईत टपाल घरी येत नाही, ते पोस्ट बॉक्समध्ये येते. त्यामुळे घराचा पत्ता म्हणजे ‘मशिदीच्या मागची इमारत, खाली बकाला आहे ती’ असा सांगावा लागे. पार्सल घेऊन निघालेला मुलगा फोन करत करत पोहोचायचा. पुढे दुबई सरकारने इमारतींच्या दारांना ‘मकानी’ नावाचा दहा अंकी नंबर दिला, तो काही उगाच नाही.

यावर सूकने काढलेला मार्ग आपल्या ओळखीचा आहे : माल हातात आल्यावर दारातच रोख पैसे द्या. भारतात फ्लिपकार्टनेही 2010 मध्ये हेच सुरू केले. विश्वास नसलेल्या गिऱ्हाइकाला ‘आधी बघ, मग दे’ असे सांगितले, आणि तिथून ऑर्डरी वाढल्या. पुढे सूकने ‘क्यू एक्सप्रेस’ ही स्वतःची कुरिअर सेवा आणि ‘पेफोर्ट’ ही पैसे भरण्याची सेवाही उभी केली. म्हणजे दुकान चालवता चालवता त्यांना रस्ता आणि गल्ला दोन्ही बांधावे लागले.

लोकांची नाडीही त्यांनी ओळखली. अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये ‘ब्लॅक फ्रायडे’ नावाचा मोठा सेल लागतो. जुम्याच्या दिवसाला काळा म्हटलेले आपल्या लोकांना कसे रुचेल? सूकने 2014 मध्ये त्याच सेलला ‘व्हाइट फ्रायडे’ नाव दिले. ते इतके रुजले की नंतर इतर दुकानदारही ते वापरू लागले.

वाढ पैसा खाते

आता महत्त्वाचा मुद्दा. दारात रोख पैसे घेण्याची सोय गिऱ्हाइकाला फुकट वाटते. तिचा खर्च दुकानदार सोसतो. आपल्या गावातल्या दुकानाचा एक साधा हिशोब मांडून बघू.

समजा, 600 रुपयांचा ड्रेस तुम्ही 800 ला विकता. कुरिअर जायला 70 आणि माल परत आला तर यायला 70. पॅकिंगचे 15. दहा ऑर्डरी पाठवल्या, तीन परत आल्या. सात विकल्या म्हणजे 1,400 रुपये सुटले. त्यातून कुरिअरचे 910 आणि पॅकिंगचे 150 गेले. हातात उरले 340 रुपये. आणि दहापैकी पाच परत आल्या तर? सुटले 1,000, खर्च 1,200. म्हणजे 200 रुपये खिशातून गेले. अशा वेळी दहाच्या जागी शंभर ऑर्डरी आल्या, तर लोक म्हणतील धंदा दहापट वाढला. खरे तर तोटा दहापट वाढला!

शिवाय रोख पैसे आधी कुरिअरवाल्याकडे जमा होतात आणि काही दिवसांनी तुम्हाला मिळतात. तोपर्यंत नवा माल भरायला भांडवल लागतेच.

सूकलाही भांडवल लागले, तेही प्रचंड. 2014 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्सकडून 7.5 कोटी डॉलर आले. 2016 मध्ये अनेक गुंतवणूकदारांकडून मिळून 27.5 कोटी डॉलर उभे राहिले. तेव्हा कंपनीची किंमत सुमारे 100 कोटी डॉलर धरली गेली. गुंतवणूकदार पैसा देतो तेव्हा कंपनीत हिस्सा घेतो. त्यावर व्याज नसते, हे आपल्यापैकी अनेकांना बरे वाटेल. पण प्रत्येक वेळी मालकाचा वाटा कमी होतो आणि निर्णयही त्याच्या एकट्याचा राहत नाही.

एका वर्षात चित्र बदलले. मार्च 2017 मध्ये अॅमेझॉनने सूक विकत घेतले. दुबईच्या एमार मॉल्सने 80 कोटी डॉलरचा प्रस्ताव जाहीर केला होता, तरी सौदा अॅमेझॉनशी झाला, तोही सुमारे 58 कोटी डॉलरना. म्हणजे 2016 मध्ये धरलेल्या किमतीच्या साठ टक्क्यांच्याही आत. त्याच वर्षी मोहम्मद अलाब्बार यांचे ‘नून’ सुरू झाले. त्यामागे सौदीच्या सरकारी निधीसह 100 कोटी डॉलर उभे केलेले होते. नव्या स्पर्धकाकडे पहिल्या दिवशीच एवढा पैसा!

पुढे नावही गेले. 2019 मध्ये अमिरातीत, 2020 मध्ये सौदीत आणि 2021 मध्ये इजिप्तमध्ये सूकच्या जागी अॅमेझॉनची पाटी लागली.

यातून घ्यायचे काय?

सूक अपयशी ठरले असे आम्ही म्हणत नाही. बारा वर्षांत त्यांनी कोट्यवधी लोकांना घरबसल्या खरेदीची सवय लावली आणि हजारोंना काम दिले. पण ऑर्डरी वाढणे, कंपनीची किंमत वाढणे आणि नफा होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या कंपनीचा तोटा वर्षानुवर्षे गुंतवणूकदार भरून काढतात. आपल्या बहिणीने दागिने मोडून भरलेल्या मालाचा तोटा कोण भरणार?

म्हणून घाईने जाहिरातीवर पैसे ओतण्याआधी एक वही घ्या. या महिन्यात किती ऑर्डरी गेल्या, किती परत आल्या, का परत आल्या, हे लिहा. साइज चुकला की फोटोतला रंग वेगळा निघाला? पार्सल पाठवण्याआधी एक फोन करून पत्ता पक्का करा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘आधी पैसे पाठवले तर कुरिअर माफ’ असे सांगून बघा. मोठ्या अॅपवर माल जरूर विका, पण जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या वहीतही असू द्या. अॅपचे नियम आणि कमिशन कधी बदलेल, ते आपल्या हातात नसते.

दहापैकी आठ-नऊ पार्सले परत न येता पोहोचायला लागली आणि खर्च जाऊन हातात चार पैसे उरू लागले, की मग वाढवा. तोवर दहा ऑर्डरी नीट पोहोचवणे हाच धंदा.