कावसजीचं नाक

मस्तानीची कबर बघायला पाबळला येणारे पेशवाईच्या चार गोष्टी ऐकूनच परत जातात. त्याच पेशवाईत पुण्याजवळ घडलेली आणखी एक गोष्ट मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा अर्धवटच सांगितली जाते.

प्लास्टिक सर्जरी पहिल्या महायुद्धात जन्मली, असं अनेकांना वाटतं. हॅरोल्ड गिलीज यांनी तेव्हा इंग्लंडमध्ये जखमी सैनिकांचे चेहरे पुन्हा उभे केले, हे खरंच आहे. पण त्याच्या सव्वाशे वर्षं आधी कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ त्याला नवं नाक मिळालं.

ही करामत संस्कृत ग्रंथ कोळून प्यालेल्या वैद्याची असणार, हा दुसरा समज. पण नाक जोडणारा गडी होता विटा पाडणाऱ्या जातीतला. सुश्रुतानं गालाची कातडी घ्यायला सांगितलं आहे, यानं घेतली कपाळाची. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून चेहऱ्यावर बसवून बघायचं, मग ते सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी अखंड ठेवायची. रक्त तिच्यातूनच पोचतं. सगळी मेख तिथे आहे. मग कातडी खाली वळवून जुन्या नाकाच्या ताज्या कडांमध्ये खोवायची. वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती पट्टी कापायची. भूल देणारं ईथर यायला तेव्हा अर्धशतक बाकी होतं, हे वाचताना विसरू नये.

अशी शस्त्रक्रिया थॉमस क्रूसो आणि त्याचा सहकारी, या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासह हा वृत्तांत छापून आला. तो वाचून सर्जन जोसेफ कार्प्यूनं प्रेतांवर हात बसवला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक असंच केलं. गिलीज यांनाही कातडीचं एक टोक जागेवर ठेवूनच काम करावं लागलं. कावसजीला कंपनी सरकारची पेन्शन होती. कारागिराचं नाव त्या वृत्तांतात नाही.

लढाईनं शोध लागतात, हा तिसरा समज तर फारच पक्का. छापलेला वृत्तांतच सांगतो की हे काम हिंदुस्थानात फार जुनं, नेहमीचं होतं. पेनिसिलिनचंही तेच: फ्लेमिंगला ते सापडलं १९२८ मध्ये, शांततेच्या काळात. दुसऱ्या महायुद्धानं सरकारी पैसा आणि घाई पुरवली, म्हणून ते मोठमोठ्या टाक्यांमध्ये बनू लागलं. आपल्याकडे त्याचा कारखाना उभा राहिला तो १९५४ मध्ये, पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा. त्याला मदत होती युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची.